तृणध्वजाचें घर

अमरकोशांत वेळूला जीं अनेक नांवें दिलीं आहेत, त्यांपैकीं दोन नांवें विशेष अर्थपूर्ण आहेत. एक ‘तृणध्वज’ आणि दुसरें ‘त्वक्सार’. तृणध्वज म्हणजे गवताचा ध्वज. सर्व तृणांच्या वर डौलानें डोलणारें तृण. त्वक्सार म्हणजे ज्याचें सारें सत्त्व सालींत आहे असा. आजचें वनस्पतिशास्त्रहि याच दोन गोष्टी सांगतें. वेळू हें झाड नसून गवताच्या कुळांतील वनस्पति आहे. आणि त्याच्या अंगचें बळ पोटांतील पोकळींत नसून बाहेरील सालीजवळ दाटीनें बसलेल्या तंतूंत आहे. कोशकाराला जें ठाऊक होतें, तें कायदा करणारांनीं मात्र विचारांत घेतलें नाहीं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत ‘झाड’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तींत ताडामाडांच्या जातीबरोबर बांबूचाहि समावेश करण्यांत आला. वरवर पाहतां ही एका शब्दाची गोष्ट. परंतु या शब्दाचा परिणाम विदर्भाच्या पूर्व टोकाकडील खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींपर्यंत जाऊन पोंचला. तो कसा, हें पाहण्यासारखें आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या पुष्कळ आधीं, इंग्रजी अमदानींत, हा मुलूख मध्यप्रांताच्या चांदा जिल्ह्यांत मोडत असे, आणि त्याचा बराच भाग जमीनदारांकडे होता. रानें अफाट, वस्ती विरळ. घरासाठीं, कुंपणासाठीं, औतासाठीं आणि चुलीसाठीं लागणारें लांकूड, बांबू व गवत रानांतून आणण्याची रयतेची जी वहिवाट होती, तिला ‘निस्तार’ असें म्हणत. जमीनदार ठिकठिकाणीं त्याबद्दल कांहीं देणें किंवा वेठ घेत. तरी पण घराला बांबू पाहिजे तर तो गांवाच्या शिवेवरील रानांतच मिळावयाचा, ही गोष्ट सर्वांनींच गृहीत धरलेली होती.

अशा बांबूचें घर कसें उभें राहत असे? मुख्य खांब लांकडाचे. खांबांच्या मधली भिंत बांबूची. बांबू उभा चिरून त्याच्या कांबी काढावयाच्या, कांबींचा तट्टा विणावयाचा, तो खांबांच्या मध्यें घट्ट बसवावयाचा आणि दोन्ही अंगांनीं माती, शेण व भाताचा पेंढा यांचा गिलावा द्यावयाचा. हाच कूड. छपराचे वासेहि बांबूचेच. त्यांवर गवत किंवा गांवठी कौलें. या कामाला गवंडी लागत नसे कीं ठेकेदार लागत नसे. आज याच्या घरीं, उद्यां त्याच्या घरीं, असे शेजारीपाजारी जमत. पुरुषांनीं बांबू तोडून वाहून आणावा, जाणत्यांनीं कांबी काढाव्या, बायकांनीं माती मळून भिंती सारवाव्या, आणि ज्याचें घर त्यानें सर्वांना जेवूं घालावें. मजुरीचा हिशेब कागदावर नसे. दिलेला हात पुढें कधीं तरी परत मिळे, एवढाच हिशेब.

घर साधें दिसे, परंतु त्यामागील ज्ञान साधें नव्हतें. या भागांत मानवेल आणि काटस या बांबूच्या दोन जाती मुख्य. पावसाळ्यांत जमिनींतून कोंब निघतो आणि अवघ्या कांहीं महिन्यांत आपली पूर्ण उंची गांठतो. पण उंची आली म्हणजे बळ आलें असें नव्हे. काठी मुरून घट्ट होण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. त्यापूर्वीं तोडलेली काठी वाळल्यावर सुरकुतते व लौकर किडते. बांबूच्या गरांत साखर व पिठूळ अंश असतो आणि भुंगेऱ्याला नेमकें तेंच अन्न पाहिजे असतें. म्हणून पाऊस संपून हिवाळा लागल्यावर, अंगांतील हा अंश उतरलेला असतांना, तोड करावयाची. आणि तोडलेला बांबू कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावयाचा, म्हणजे उरलासुरला अंश धुऊन जातो. बांबू ओढीला फार बळकट, परंतु खिळा ठोकला कीं तो तंतूंच्या रेघेनें चिरतो. यासाठीं सांधे खिळ्यांनीं न जोडतां खांचा करून, दोरांनीं किंवा वेलींनीं बांधण्याची रीत पडली. ओल्या जमिनींत पुरलेला बांबू कुजतो, म्हणून भिंतीचा पाय ओट्यावर उचलून घ्यावयाचा व छपराच्या वळचणी भिंतीपासून दूर काढावयाच्या. हें सारें कोणत्याहि पोथींत लिहिलेलें नव्हतें. तें हातांत होतें. आणि हातांतील विद्या सामान मिळेनासें झालें म्हणजे दोन पिढ्यांत नाहींशी होते.

तसा प्रसंग आला तो स्वातंत्र्यानंतर. १९५१ सालीं मध्यप्रदेशांतील जमीनदारी नष्ट झाली आणि रानें सरकारच्या मालकीचीं झालीं. निस्ताराचे हक्क कागदोपत्रीं नोंदले गेले; व्यवहारांत मात्र ते आकसत गेले. त्याच सुमारास देशांत कागदाच्या गिरण्या वाढत होत्या. लांब तंतूंमुळें बांबू हा त्यांचा आवडता कच्चा माल. दीर्घ मुदतीच्या करारांनीं रानांतील बांबू गिरण्यांना मिळूं लागला, आणि तोहि अत्यंत स्वस्त दरानें. १९७० च्या दशकांत शेजारच्या कर्नाटकांत बुरूड लोकांनीं बांबू मिळत नाहीं म्हणून गाऱ्हाणें केलें. त्याचा शोध पुण्याचे सुप्रसिद्ध परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं घेतला. त्यांना असें आढळून आलें कीं, टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला बाजारांत जो बांबू महाग पडे, तोच गिरणीला नाममात्र किंमतींत मिळे. गडचिरोलीकडेहि बांबूचे ट्रक गांवावरून गिरणीकडे जात, आणि आपल्या कुडासाठीं चार काठ्या आणणारा मनुष्य मात्र चोर ठरण्याच्या भीतींत वावरे. रान तेंच, वेळू तोच, माणसेंहि तींच. पण वहिवाटीची जागा परवान्यानें घेतली होती.

याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यामध्यें, गडचिरोलीपासून सुमारें तीस किलोमीटरांवर, मेंढा (लेखा) हें लहानसें गोंड खेडें आहे. १९८४ च्या सुमारास गोदावरी व इंद्रावती या नद्यांवर इंचमपल्ली व भोपालपटनम् येथें मोठीं धरणें बांधण्याची योजना पुढें आली, आणि तींत बुडणारीं रानें व गांवें वाचविण्यासाठीं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. बाबा आमटे हे तिच्या अग्रभागीं होते. या चळवळींतून मेंढ्याचे लोक आपल्या गांवाचा विचार आपणच करावयास शिकले. देवाजी तोफा हे गांवांतीलच गृहस्थ आणि मोहन हिराबाई हिरालाल हे चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे कार्यकर्ते, यांची साथ गांवाला लाभली. ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें न घेतां सर्वांच्या संमतीनें घ्यावयाचा, आणि तत्पूर्वीं अभ्यासगटांत बसून त्या विषयाची सर्व बाजूंनीं चर्चा करावयाची, असा नियम त्यांनीं घालून घेतला.

या नियमाची कसोटी एका घरानेंच लागली. गोंड समाजांत गोटुल म्हणून गांवाचें एक सामाईक घर असे. तरुणांचें शिक्षण, गाणीं, सभा हें सारें तेथें चाले. मेंढ्यांतील गोटुल मोडकळीस येऊन नामशेष झालें होतें. गांवानें तें पुन्हां बांधावयाचें ठरविलें. सर्वांनीं मिळून रानांतून सामान आणलें आणि जुन्या पद्धतीनें गोटुल उभें केलें. परंतु त्यासाठीं आणलेलें लांकूड बेकायदा ठरवून वनखात्यानें पोलिसांच्या मदतीनें तें घर उतरविलें व लांकूड नेलें. गांवानें हात उगारला नाहीं. आसपासच्या गांवांची सभा बोलावण्यांत आली; आणि गोटुल एकट्या मेंढ्यांतच कां, प्रत्येक गांवांत असावें, असें तेथें ठरलें. त्याप्रमाणें एकामागून एक अनेक गांवांत गोटुलें उठूं लागलीं. इतकीं घरें पाडणें कोणत्याहि खात्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. अखेरीस विरोध मावळला. एकट्यानें बांधलेलें घर पाडतां येतें, परंतु पंचक्रोशीनें बांधावयास घेतलेलें घर पाडणें कठीण, हा धडा त्या दिवसांत सर्वांनाच मिळाला.

गोटुलाचा प्रश्न असा सुटला, तरी बांबूचा सुटला नाहीं. २००६ सालीं संसदेनें वनहक्क कायदा संमत केला. त्यांत गौण वनोपजाच्या यादींत बांबूचें नांव स्पष्ट घातलें, आणि अशा उपजावर रानांत राहणाऱ्या लोकांचा हक्क मान्य केला. २००९ सालीं मेंढ्याला सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्काचा दाखला मिळाला. देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तरी अडचण उरलीच. बांबू तोडतां येई, पण रानाबाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देण्याचें वनखातें नाकारी. कारण १९२७ च्या कायद्याप्रमाणें बांबू हें अजून झाडच होतें! एका कायद्यानें तें गौण उपज, दुसऱ्यानें तें इमारती लांकडाच्या पंक्तींतलें. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे स्वतः मेंढ्यास आले आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. पुढें २०१७ च्या नोव्हेंबरांत वटहुकूम निघून १९२७ च्या व्याख्येंतूनच ‘बांबू’ हा शब्द वगळला गेला. तृणध्वज पुन्हां तृण झाला. त्याला नव्वद वर्षें लागलीं.

अधिकार आला त्याच दिवशीं जबाबदारीहि आली. पूर्वीं बेट उजाड झालें तर दोष गिरणीचा किंवा खात्याचा. आतां तो गांवाचा. बेट टिकवावयाचें तर त्या वर्षाच्या कोंबाला हात लावूं नये, जुन्या काठ्यांपैकीं कांहीं नव्यांना आधार म्हणून राखाव्या, तोड जमिनीलगतच्या पेऱ्याच्या वर करावी, पावसाळ्यांत कोयता बंद ठेवावा, आणि खालचा कंद कधींहि खणूं नये. याहून मोठें संकट फुलोऱ्याचें. मानवेलाला कित्येक दशकांनीं एकदा फुलोरा येतो, बीं पडतें आणि सारें बेट वाळून जातें. त्या वेळीं वणवा व गुरें यांपासून बियांचीं रोपें राखलीं नाहींत, तर एका पिढीची घरें अडतात. ही राखण पगारी पहारेकऱ्यानें होणें अवघड. ज्याला त्या काठीचें घर बांधावयाचें आहे, तोच ती मनापासून करतो.

आतां कोणी विचारील, सिमेंटच्या दिवसांत बांबूचें घर पाहिजे कोणाला? प्रश्न खोटा नव्हे. जनगणनेच्या वर्गवारींत गवत-बांबूचें घर कच्चें धरलें जातें, आणि आदिवासी तरुणालाहि विटांच्या घरांत प्रतिष्ठा वाटते. परंतु पक्कें म्हणजे भक्कम असेंच नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, तीं प्रामुख्यानें दगडमातीच्या जाड भिंती व जड धाब्यांखालीं. उलट १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर आसामांत लांकडी सांगाडा आणि बोरू-बांबूच्या कुडाच्या भिंती असलेलीं हलकीं घरेंच रूढ झालीं. हलकी भिंत वांकते, झोंके खाते, आणि पडलीच तरी जीव घेत नाहीं.

नव्या विद्येची जोड मिळाली म्हणजे जुनें घर टिकाऊहि होतें. अमरावती जिल्ह्यांत मेळघाटच्या रानांत, धारणी तालुक्यांतील लवादा येथें सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्यानें १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘संपूर्ण बांबू केंद्र’ सुरू केलें, आणि कोरकू तरुण-तरुणींना बांबूच्या वस्तूंबरोबरच बांबूचीं घरें बांधण्याचें शिक्षण दिलें. बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणांत बांबू मुरविला कीं भुंगेरा व वाळवी यांचा उपद्रव पुष्कळच कमी होतो. खिळ्याऐवजीं भोंक पाडून बोल्ट घालतां येतो. मातीचा जाड गिलावा आगीलाहि कांहीं अंशीं अडवितो. भारतीय मानक संस्थेनेंहि २०१२ सालीं बांबूच्या बांधकामाचें स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें. ज्याला कच्चें म्हटलें जात होतें, त्याची गणितें आतां अभियंत्यांच्या पुस्तकांत आलीं आहेत.

तथापि द्रावण, बोल्ट आणि मानकें ही पुढची पायरी. पहिली पायरी गडचिरोलीच्या रानांत घातली गेली. बांबूचें घर गांवानें मिळून बांधावयाचें, तर बांबूचें बेटहि गांवानेंच मिळून राखलेलें असलें पाहिजे. परवाना हातीं पडल्यावर गांवानें काय करावयाचें, याचें उत्तर प्रत्येक हिवाळ्यांत बेटाशीं उभें राहून द्यावें लागतें. तेथें कोयता घेतलेला मनुष्य तीन वर्षांची काठी तोडतो आणि शेजारची कोंवळी काठी सोडतो. ती काठी पुढें आपल्याच घराला लागेल असें नाहीं. कोणाच्या तरी घराला लागेल, एवढें त्याला पुरें असतें.