जमनालाल बजाज : कापसाची पेढी आणि वर्ध्याचे सार्वजनिक जीवन

जमनालाल बजाज (1889–1942) हे वर्ध्याचे कापसाचे व्यापारी, सेगावचे मालगुजार आणि गांधीयुगातील विदर्भाचे प्रमुख लोकसेवक. कळमेश्वर-काटोलपासून वर्धा-हिंगणघाटपर्यंतच्या काळ्या जमिनीत कापूस पूर्वापार पिकत आला आहे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचल्यावर हा कापूस मुंबईच्या बाजाराशी थेट जोडला गेला आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व आडतीच्या पेढ्या यांच्यामुळे इथली लहान गावे व्यापारपेठा बनली. वर्ध्यातील बच्छराज बजाज यांची पेढी त्यांपैकीच एक.

राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात 4 नोव्हेंबर 1889 रोजी जमनालालांचा जन्म झाला. बच्छराजांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेऊन वर्ध्याला आणले. त्यांचे शालेय शिक्षण मराठीतून आणि बेताचेच झाले. व्यापाराचे धडे मात्र त्यांनी पेढीवरच गिरवले. वयाच्या सतराव्या वर्षी एका लग्नाला दागिने घालून जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यावरून आजोबांनी पैशाचा टोमणा मारला, तेव्हा तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, अशा अर्थाचे पत्र लिहून ते घराबाहेर पडले. समजूत घातल्यावर ते परतले. पुढे बच्छराजांच्या निधनानंतर सगळा व्यवहार त्यांच्याकडे आला, तरी या संपत्तीचे आपण विश्वस्त आहोत, ही भावना त्यांनी आयुष्यभर जपली.

सरकारदरबारीही त्यांना मान होता. मानद दंडाधिकारीपद आणि रायबहादूर हा किताब त्यांना मिळाला होता. 1914 मध्ये त्यांनी वर्ध्यात शिक्षा मंडळ स्थापन केले. 1920 च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते आणि तिथेच त्यांनी आपल्याला पाचवा मुलगा मानावे, अशी विनंती गांधीजींना केली. पुढच्याच वर्षी त्यांनी किताब परत केला. त्याच वर्षी विनोबा भावे वर्ध्याला आले. 1923 च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व जमनालालांनी केले आणि तुरुंगवास पत्करला.

त्यांच्या कार्यातील सर्वांत धीराचे पाऊल जुलै 1928 मध्ये पडले. बच्छराजांनी बांधलेले वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले करण्यात आले. हे मंदिर बजाज घराण्याचे होते आणि विरोध करणाऱ्या सनातन्यांत व्यापारी समाजातलेच लोक होते. त्यामुळे या निर्णयाची झळ थेट जमनालालांच्या घराला आणि नातेसंबंधांना लागणार होती. देशात इतकी मोठी देवळे तोपर्यंत अस्पृश्यांना क्वचितच उघडली गेली होती.

1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्यासाठी जमनालालांनी वर्ध्यातील आपली बाग व घर दिले. हेच पुढे मगनवाडी झाले. 1936 मध्ये गांधीजी सेगावला राहायला गेले आणि 1940 मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. जमनालालांच्या वर्ध्यातील बजाजवाडीत देशभरातील कार्यकर्त्यांचा राबता असे. कापसाच्या व्यापारावर वाढलेले वर्धा राष्ट्रीय राजकारणाचे ठाणे बनले, त्यात जागा, पैसा आणि रोजची व्यवस्था पुरवणारे जमनालाल होते. याच काळात त्यांनी साखर कारखानदारीतही पाऊल टाकले. अखेरच्या दिवसांत मात्र त्यांनी गोसेवेला वाहून घेतले.

11 फेब्रुवारी 1942 रोजी वर्ध्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी 14 जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपवण्याची मागणी करणारा ठराव वर्ध्यातच संमत केला. पत्नी जानकीदेवी यांनी गोसेवा आणि भूदानाच्या कामात पुढाकार घेतला. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. शिक्षा मंडळाच्या संस्था आजही वर्ध्यात चालू आहेत.