पाच कोटी पौंडांचे राजीनामे

6 जानेवारी 1958 रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री पीटर थॉर्नीक्रॉफ्ट यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर खात्याचे दोन कनिष्ठ मंत्री, इनॉक पॉवेल आणि नायजेल बर्च, हेही बाहेर पडले. वाद पाच कोटी पौंडांचा होता. एकूण सरकारी खर्चाच्या मानाने ही रक्कम शेकडा एकाच्या आसपास भरते. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन ठरलेल्या राष्ट्रकुल दौऱ्यावर निघाले आणि ‘किरकोळ स्थानिक अडचणी’ अशा अर्थाचे काहीतरी विमानतळावर बोलून विमानात बसले. त्यांचा पहिला मुक्काम दिल्लीला होता. पदावर असताना भारतात आलेले ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान. योगायोग असा की, त्याच सुमारास मुंबईत न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे मुंदडा प्रकरणाची चौकशी चालू होती आणि फेब्रुवारीत आपले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनाही पायउतार व्हावे लागले. पण आपल्याकडचा राजीनामा आयुर्विम्याचा पैसा कुठे गुंतवला गेला यावरून होता. सरकारने खर्च किती करावा, या तत्त्वावरून अर्थमंत्र्याने घर सोडल्याची उदाहरणे फार थोडी.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. करसल्लागाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे खातेवह्या पाहिल्या, त्यामुळे जमेच्या बाजूला काय आहे हे आधी विचारण्याची खोड लागली. ब्रिटिश संसदेची छापील कामकाजपत्रे वाचायला लागलो तेही याच खोडीपायी. आपल्याकडे ‘हुजूर पक्ष’ म्हटले की सरंजामी, गरिबांच्या औषधपाण्यावर कात्री चालवणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. हे चित्र सगळेच खोटे नाही. पण त्यामागे एक विचार होता, आणि तो मांडणाऱ्यांना पुढे स्वतःच दवाखाने चालवावे लागले, हा भाग मराठीत कुणी फारसा सांगितलेला नाही.

सुरुवात 1942 च्या बेव्हरिज अहवालापासून करावी लागते. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील सनदी नोकर. त्यांच्या अहवालात आरोग्यसेवेचा खर्च 1945 साठी वर्षाला 17 कोटी पौंड धरला होता आणि वीस वर्षांनंतर, म्हणजे 1965 सालीही तो 17 कोटीच राहील असे गृहीत धरले होते. कारण, लोकांना चांगले उपचार मिळाले की आजार कमी होतील आणि त्या बचतीत सेवेची वाढ भागेल. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. चूक नव्हती, ती श्रद्धा होती. 5 जुलै 1948 रोजी अन्यूरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली आणि ती पहिल्याच वर्षात अंदाजपत्रकाबाहेर गेली. चष्मे आणि कवळ्या यांची मागणी तर कुणाच्याच हिशेबात बसेना. वर्षानुवर्षे दातांच्या खुंटांवर चावणाऱ्या माणसांनी फुकट कवळी मिळते म्हटल्यावर रांग लावली, यात त्यांचा दोष काय?

खर्चाला पहिला बांध मजूर पक्षानेच घातला. 1949 साली औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारण्याची तरतूद ॲटली सरकारने करून ठेवली, पण वापरली नाही. मग कोरियाचे युद्ध आले. 1951 च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांच्या किमतीचा अर्धा भार रुग्णावर टाकला. त्या वर्षी त्यातून वाचणार होते 1 कोटी 30 लाख पौंड. एवढ्यावरून बेव्हन बाहेर पडले आणि त्यांच्यामागोमाग हॅरल्ड विल्सन. म्हणजे सात वर्षांत त्याच देशात मंत्र्यांनी दोनदा राजीनामे दिले, एकदा खर्च कापला म्हणून आणि एकदा पुरेसा कापला नाही म्हणून.

त्याच वर्षाअखेरीस हुजूर पक्ष सत्तेवर आला. जानेवारी 1952 मध्ये पक्षातल्या दोन तरुण खासदारांनी, इयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल यांनी, सामाजिक सेवांवर एक पुस्तिका काढली. तोवर वाद असा असे की, मदत देताना माणसाची ऐपत तपासावी की नाही. या दोघांनी प्रश्नच उलटा केला. गरज न तपासता सेवा का द्यावी, याचे कारण आधी सांगा, असे ते म्हणाले. करदाता म्हणजे कुणी परका धनिक नव्हे, तोही दुसऱ्या दिवशी रुग्ण असतो. ज्याला परवडते त्याचा चष्मा आपण भरला, तर ज्याला परवडत नाही त्याच्या खाटेला पैसा उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जूनपासून चिठ्ठीमागे शिलिंग लागू झाला.

सरकारने मग केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ क्लॉड गिलेबो यांची समिती नेमली. उधळपट्टी सापडेल ही अपेक्षा उघड होती. 1956 च्या जानेवारीत अहवाल आला आणि अपेक्षा करणाऱ्यांची पंचाईत झाली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने सेवेचा खर्च 1949-50 साली 3.75 टक्के होता, तो 1953-54 साली 3.25 टक्क्यांवर उतरला होता. रुपये-पैशांत वाढलेला आकडा महागाईचा आणि वाढलेल्या देशाचा होता. इस्पितळांच्या बांधकामावर तर युद्धापूर्वीच्या मानाने फारच थोडा पैसा लागत होता. हुजूर पक्षाच्या बाजूने बोलायचे असेल तर या अहवालाला वळसा घालून जाता येत नाही. तत्त्व बिनतोड असले तरी हिशेब चुकू शकतो, आणि इथे तो चुकला होता.

थॉर्नीक्रॉफ्ट यांचे म्हणणे मात्र आरोग्यखात्यापुरते नव्हते. सप्टेंबर 1957 मध्ये पौंड घसरला आणि बँकदर 5 वरून 7 टक्क्यांवर न्यावा लागला. व्यापाऱ्याला कर्ज महाग, कामगाराला पगारवाढ नको म्हणायचे आणि सरकारने स्वतः मात्र वाढत राहायचे, हे चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षाचा नागरी खर्च चालू वर्षाइतकाच, एक पौंडही जास्त नाही. त्यासाठी 15 कोटी 30 लाखांची कपात हवी होती. मंत्रिमंडळ सुमारे 10 कोटींपर्यंत आले आणि थांबले. कुटुंबभत्त्यातून दुसरे मूल वगळायचा प्रस्ताव होता. त्याला विरोध करण्यात पुढे कोण होते? मजूरमंत्री झालेले इयन मॅक्लाउड, 1952 च्या पुस्तिकेचे सहलेखक.

पॉवेल यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. युद्धकाळात 1943 पासून ते भारतात होते, उर्दू शिकले, व्हाइसरॉय व्हायचे स्वप्न बाळगून होते. एप्रिल 1968 च्या बर्मिंगहॅम भाषणाने त्यांचे नाव कायमचे काळवंडले आणि ते योग्यच झाले. ज्या सेवेला आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर हातभार लावत होते, तिथल्या माणसांना त्या भाषणाने किती धास्ती दिली हे विसरता येत नाही. पण 1960 ते 1963 हा माणूस आरोग्यमंत्री होता. खुर्चीत बसताच त्यांनी चिठ्ठीचे शुल्क शिलिंगाचे दोन शिलिंग केले, 1962 साली परिचारिकांची पगारवाढ अडीच टक्क्यांवर रोखू पाहिली. आणि त्याच जानेवारीत त्यांनीच इस्पितळ आराखडा मांडला. दहा वर्षांत 50 कोटी पौंड, 90 नवी इस्पितळे, 134 इस्पितळांची मोठी पुनर्रचना. ज्या माणसाने पाच कोटींसाठी खुर्ची सोडली, त्याने तिच्या दसपट खर्चाचा कागद संसदेत ठेवला. याला दुटप्पीपणा म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. रोजच्या वाटपाला लगाम आणि टिकाऊ बांधकामाला पैसा, हा जुन्या सावकारी वळणाचा हिशेब आहे, आणि गिलेबो समितीने दाखवलेली उणीव नेमकी तीच होती.

पद सोडल्यावर 1966 साली त्यांनी वैद्यक आणि राजकारणावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचा गाभा असा: किंमत काढून टाकली की मागणीला काठ उरत नाही, आणि वाटप तर करावेच लागते, मग ते रांगेने होते. रांग ही पैशाऐवजी वेळेत घेतलेली किंमत. सरकारी रुग्णालयात केसपेपरसाठी पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. मात्र त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि पेन्शनरची बुडत नाही, हा भेद त्यांच्या मांडणीत पुरेसा येत नाही.

1951 साली कवळ्यांच्या शुल्कावरून राजीनामा देणारे हॅरल्ड विल्सन 1964 मध्ये पंतप्रधान झाले. फेब्रुवारी 1965 मध्ये त्यांनी चिठ्ठीचे शुल्क रद्द केले. 1967 च्या नोव्हेंबरात पौंडाचे अवमूल्यन झाले आणि जून 1968 मध्ये त्यांच्याच सरकारने शुल्क परत आणले, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला अडीच शिलिंग. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि काही दीर्घ आजारांचे रुग्ण यांना त्यातून सूट होती. गरज तपासल्याशिवाय का द्यावे, या सोळा वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला मजूर पक्षाने कायद्याच्या भाषेत दिलेले हे उत्तर होते. विचारणाऱ्या दोघांपैकी पॉवेल यांची दोन महिन्यांपूर्वीच विरोधी पक्षाच्या अग्रभागावरून हकालपट्टी झाली होती, आणि मॅक्लाउड त्याच पक्षाचे छाया अर्थमंत्री म्हणून समोरच्या बाकावर बसले होते.