दिवाळीचा किल्ला आणि सैनिकी लघुदेखावा

दिवाळीचा किल्ला म्हणजे दिवाळीच्या दिवसांत अंगणात किंवा गच्चीवर दगड, विटा व माती यांपासून किल्ल्याची प्रतिकृती उभारून तिच्यावर मावळ्यांच्या लहान मूर्ती मांडण्याची महाराष्ट्रातील प्रथा होय. किल्ला प्रामुख्याने मुले बांधतात; अनेक गावांत व शहरांत तरुण मंडळेही मोठ्या प्रतिकृती उभारतात. सैनिकी मूर्तींच्या जगभरच्या छंदाशी या प्रथेचे जवळचे नाते आहे. त्या छंदात दोन-चार मूर्ती एका लहान तळपटावर मांडून एकच प्रसंग दाखवणाऱ्या रचनेला विन्येट ही मूळ फ्रेंच संज्ञा वापरतात; मराठीत तिला लघुदेखावा म्हणता येईल. विस्तृत भूभाग आणि अनेक मूर्ती असलेली रचना डायोरामा या नावाने ओळखली जाते.

छंदाची पार्श्वभूमी

युरोपात शिशाचे सैनिक हे प्रथम खेळणे होते. १८९३ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची पद्धत आणल्यावर ते स्वस्त झाले. या सैनिकांची प्रचलित उंची ५४ मिलिमीटर होती आणि पुढे प्रौढ छंदिष्टांनीही तेच माप उचलले. महाराष्ट्रात मात्र मूर्ती कुंभाराकडून येत. साच्यातून काढलेला शाडूचा किंवा भाजलेल्या मातीचा मावळा, सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, तोफ, वाघ, शेतकरी आणि डोक्यावर घडे घेतलेली गवळण हा दिवाळीच्या बाजारातील नेहमीचा संच आहे. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस व प्लास्टिकच्या मूर्ती आल्या. त्यांच्यामागोमाग तयार किल्लेही विकले जाऊ लागले. ते विकत आणून ठेवण्यात बांधणीचा भाग, म्हणजे या छंदाचा निम्म्याहून अधिक ऐवज, गळून पडतो.

बांधणी

दगड-विटांचा ढीग रचून त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतात व वरून मातीचा लेप देतात. गोणपाटाच्या घड्यांमुळे कडे आणि घळी आपोआप दिसू लागतात. ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांत उतारावर हिरवळ उगवते. म्हणून पेरणी वसुबारसेच्या आधीच उरकावी लागते. तटबंदी, दरवाजा, टाके, पायवाट आणि पायथ्याची बाजारपेठ ही पुढची कामे.

बहुतेक प्रतिकृतींचा नमुना सह्याद्रीतील डोंगरी किल्ल्यांचा असतो. धाराशिव जिल्ह्याचा दुर्गवारसा मात्र वेगळ्या जातीचा आहे. येडशी हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत असून रामलिंगाचे मंदिर व त्याभोवतीचे अभयारण्य यांसाठी ते ओळखले जाते. परंतु याच जिल्ह्यातील नळदुर्ग व परांडा हे प्रसिद्ध किल्ले भुईकोट प्रकारचे आहेत. परांड्याला खंदक व दुहेरी तटबंदी आहे, तर नळदुर्गात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल काढलेला आहे. अशा किल्ल्याची प्रतिकृती करताना मातीचा उंच ढीग उपयोगाचा नाही. सपाट जागा, सरळ तट, बाहेर फुगलेले बुरूज आणि पाणी धरणारा खंदक यांवर भर द्यावा लागतो. खंदकाच्या तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला नाही, तर पाणी मुरून तटच खचतो.

प्रमाणाचा प्रश्न

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच आणि वाघ मावळ्याहून मोठा असणे नेहमीचेच. महाराजांची मूर्ती सर्वांत मोठी असते. तिचा आकार आदराने ठरलेला असल्याने तिथे मोजपट्टी लावण्याचे कारण नाही. लघुदेखाव्यात मात्र सर्व घटक एकाच प्रमाणात असावे लागतात. ५४ मिलिमीटरची मूर्ती सुमारे १:३२ या प्रमाणाची असते. या प्रमाणात १० मीटर उंचीचा तट ३१ सेंटिमीटरचा होतो आणि १ किलोमीटर लांबीचा किल्ला ३१ मीटरचा. म्हणजे संपूर्ण किल्ला प्रमाणात करणे अंगणात शक्यच नसते. एखादा बुरूज, दरवाजाची एक बाजू किंवा तटाचा तुकडा निवडून तेवढाच नीट करणे हाच मार्ग उरतो.

प्रसंगाची निवड

प्रतापगडाखालील भेट (१६५९), पावनखिंड (१६६०), सिंहगडाची लढाई (१६७०) आणि रायगडावरील राज्याभिषेक (१६७४) हे आवडते विषय आहेत. धाराशिव परिसरातील छंदिष्टाला घरालगतचा विषय हवा असेल, तर परांड्याची मुलूख मैदान तोफ हा उत्तम विषय ठरतो. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेण्यात आली. आजही ती तेथील बुरुजावर आहे. तिची लांबी सुमारे ४.४५ मीटर, व्यास सुमारे १.५ मीटर आणि वजन अंदाजे ५५ टन आहे. तोंडाकडील भागाला जबडा पसरलेल्या सिंहाचा आकार दिलेला आहे.

१:३२ प्रमाणात ही तोफ १४ सेंटिमीटर लांब आणि ४.७ सेंटिमीटर जाड होते. शेजारी उभा केलेला ५.४ सेंटिमीटरचा माणूस तिच्याहून जेमतेम उंच भरतो, आणि एवढ्या तुलनेतच तिचा अवाढव्यपणा कळतो. ती ओढणारी सगळी जनावरे दाखवण्याची गरज नसते. बैलांची एक जोडी, ताणलेला दोर, चाकाखाली ओंडका सरकवणारा एक गडी आणि आसूड उगारलेला एक माणूस पुरेसा. दोराचे टोक तळपटाच्या कडेवर तोडले की पुढे आणखी बैल आहेत हे पाहणारा स्वतःच समजून घेतो.

मूर्ती व रंगकाम

बाजारातील मावळे एकाच साच्याचे, एकाच पवित्र्यातले असतात. हात कापून तारेच्या आधाराने नव्या कोनात बसवणे आणि दोन घटकांच्या पुट्टीने शेला, पागोटे किंवा ढाल घडवणे ही रूपांतराची सोपी रीत आहे. तलवार, भाला व ढालीबरोबर तोड्याची बंदूकही सतराव्या शतकातील सैनिकाच्या हाती शोभते. घोडदळात सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार असे भेद होते. दोघांचे साज एकसारखे रंगवू नयेत. परांड्याच्या प्रसंगातील माणसे तर मावळे नव्हेत. तो शिवकाळापूर्वीचा निजामशाही-आदिलशाही काळ आहे, त्यामुळे तिथे भगवा झेंडा लावणे ही ठळक चूक ठरते.

रंग देण्यापूर्वी मूर्तीवर फिकट अस्तर देतात. मूळ रंग वाळल्यावर गडद रंगाचे पातळ पाणी घड्यांमध्ये सोडतात आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासतात. पायांवर आणि चाकांवर तळपटाच्या मातीचाच रंग हलकेच चढवला नाही, तर मूर्ती जमिनीवर उभी न वाटता ठेवल्यासारखी दिसते. काळ्या मातीच्या प्रदेशातील देखाव्याला बाजारातली तांबडी माती वापरणे हा असाच सहज टाळता येणारा दोष आहे.

दिवाळीनंतर किल्ला मोडतात व मूर्ती पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतात. कच्च्या शाडूच्या मूर्तींना ओलावा बाधतो. पेरलेल्या उतारावर रोज पाणी शिंपडताना त्या उचलून ठेवणे किंवा पायाखाली फरशीचा तुकडा देणे आवश्यक असते. लघुदेखावा लाकडी तळपटावर केलेला असल्यास तो उचलून काचेच्या पेटीत ठेवता येतो आणि पुढच्या वर्षी नव्या किल्ल्याच्या बुरुजावर जसाच्या तसा बसवता येतो.