गाणं वहीत कुणी उतरवलं?



बचत गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्या सगळ्यांना पाठ आहे. लेखे नियमित लिहायचे. दहा रुपयांचा दंड असला तरी तो वहीत चढतो, कारण वहीत नाही ते पुढच्या बैठकीत कुणी धरत नाही. आज हेच सूत्र आपण गाण्याला लावून बघू. गाणारे पुष्कळ होऊन गेले. पण गाण्याबद्दल लिहून ठेवलं कुणी? कुणाचं लिहिलं गेलं आणि कुणाचं राहून गेलं? त्याचा हा थोडासा इतिहास.

पहिल्यांदा मोठ्या गवयांकडं बघू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शास्त्रीय गाणं घराण्यात बंद असायचं. एखादी चांगली चीज उस्ताद आपल्या मुलाला द्यायचे, नाहीतर वर्षानुवर्षं सेवा केलेल्या शिष्याला. उस्ताद गेले की पुष्कळ काही त्यांच्याबरोबर जायचं. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि 1901 साली त्यांनी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरून कुणीही गाणं शिकावं अशी ती शाळा. गाणं छापून लोकांपर्यंत जावं म्हणून त्यांनी ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिकही चालवलं.

त्यांचेच एक शिष्य मिरजेचे बी. आर. देवधर. 1925 साली त्यांनी मुंबईत गाण्याची शाळा काढली. कुमार गंधर्व लहान वयात याच शाळेत शिकायला आले. 1947 साली ‘संगीत कला विहार’ हे मासिक सुरू झालं आणि देवधर त्याचे संपादक झाले. मुंबईत येणाऱ्या गवयांना ते भेटायचे, त्यांना बोलतं करायचे आणि ऐकलेलं लिहून काढायचे. रहिमतखाँ, अल्लादियाखाँ, अब्दुल करीमखाँ अशा कलावंतांवरचं त्यांचं लेखन पुढं ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आलं. गुरूकडं काय हाल सोसले, रियाज कसा केला, स्वभाव कसा होता, हे आज आपण वाचू शकतो, कारण एका माणसानं वेळेवर विचारलं आणि लिहिलं.

असंच सातासमुद्रापार अमेरिकेतही घडलं. तिथं तरुण पोरांचं गिटार आणि ड्रमवरचं गाणं होतं, त्याला रॉक म्हणतात. शिकली-सवरलेली मंडळी त्याला गोंगाट म्हणायची. 1966 साली पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या कॉलेजच्या पोरानं त्या गाण्यावर ‘क्रॉडॅडी’ नावाचं मासिक सुरू केलं. सुरुवातीचे अंक अगदी साधे, टाइप करून काढलेले. पण या गाण्यातही विचार आहे, ते नीट ऐकलं पाहिजे, असं त्यानं ठासून लिहिलं. 1969 साली त्याचं ‘आउटलॉ ब्लूज’ हे पुस्तक आलं. बॉब डिलन या गायकावर तर त्यानं पुढं अनेक पुस्तकं लिहिली. त्याच डिलनला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. ज्याला गोंगाट म्हणत होते, त्याला जगातला सगळ्यात मोठा मान मिळाला.

मग आपल्याकडं गोंगाट कशाला म्हणत होते? तर बायांच्या गाण्याला. जात्यावरची ओवी, पाळणा, हादग्याची गाणी, नागपंचमीचा फेर, लग्नातली हळदीची गाणी. ‘बायांचं काय, चाललंय आपलं’ असं म्हणून सोडून द्यायचं. गवई त्याला संगीत म्हणत नव्हते आणि पंडित त्याला साहित्य म्हणत नव्हते. खरं तर पहाटे चार वाजता दळायला बसलेल्या बाईला मन मोकळं करायला ती एकच जागा होती. माहेर, सासर, भाऊ, दुष्काळ, पंढरीची वाट, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात यायचं. समोर बसून जात्याला हात लावणारी दुसरी बाई हीच तिची श्रोती.

लिहून ठेवण्यानं काय होतं ते बहिणाबाई चौधरींवरून कळतं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या. घरातल्या माणसांनी काही गाणी कागदावर उतरवली. 1951 साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक निघालं. आज ती शाळेच्या पुस्तकात आहेत. घरात लिहिणारं कुणी नसतं, तर बहिणाबाईंचं नाव गावाबाहेर गेलं नसतं. आणि अशा किती बहिणाबाई आपल्या गावातून न लिहिताच गेल्या असतील?

हे काम नेमानं केलं ते डॉ. सरोजिनी बाबर यांनी. त्यांचा जन्म 1920 सालचा, गाव सांगली जिल्ह्यातलं बागणी. त्यांच्या वडिलांनी, कृष्णराव बाबरांनी, 1950 साली ‘समाज शिक्षण माला’ सुरू केली. नुकतंच वाचायला शिकलेल्या लोकांसाठी सोप्या भाषेतली छोटी पुस्तकं त्यात निघायची. सरोजिनीबाईंनी ही माला वर्षानुवर्षं सांभाळली आणि त्यातून पाचशेच्या वर पुस्तकं आली. पुढं महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी गावोगावची गाणी, कहाण्या, उखाणे, खेळ गोळा करून छापले. ‘जाई मोगरा’, ‘साजशिणगार’, ‘बाळराजे’, ‘दसरा दिवाळी’ ही त्यातल्या काही पुस्तकांची नावं. नावं ऐकूनच कळतं, हा सगळा बाईच्या घरातला, अंगणातला ऐवज आहे. त्या आमदार होत्या, राज्यसभेच्या खासदार होत्या, पण लोकांच्या घरात पोचल्या त्या दूरदर्शनवरच्या ‘रानजाई’ कार्यक्रमातून. शांता शेळके आणि सरोजिनीबाई समोरासमोर बसून लोकगीतांवर गप्पा मारायच्या. दोन बाया ओव्यांवर बोलतात आणि सगळा महाराष्ट्र ऐकतो, ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्याचं बोलू. बार्शीचे शाहीर अमर शेख आपल्याला माहीत आहेत. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाच्या थापेवर मैदानं भरायची. गाण्याचा हा वारसा त्यांना आईकडून मिळाला. आईचं नाव मुनेरबी. मुसलमान घरातली ही माउली मराठी ओव्या गायची. मुंबई विद्यापीठात लोकांच्या कलेच्या अभ्यासासाठी अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे. मुलाचं नाव विद्यापीठात लागलं, पण ज्या आईच्या तोंडून त्यानं गाणं उचललं, तिचं नाव किती जणींना ठाऊक आहे? गाणं राहतं आणि बाई पुसली जाते, ती अशी.

ही चूक टाळायचा प्रयत्न पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी केला. गी मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य इथंच गेलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हजारावर गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायांकडून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर दलित बायांनी गायलेल्या ओव्याही आहेत. महत्त्वाचं म्हणजे ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहिलं. काही ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेनं त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. मोबाईलवर ऐकता येतात.

पिठाची गिरणी आली आणि जातं सुटलं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. आपल्या आयांचे हात आणि पाठ त्यातून सुटली. पण जातं भिंतीला लागलं तशी ओवीही मुकी झाली. आज ज्यांना ती येते त्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. दरवर्षी त्यातल्या काही कमी होतात.

म्हणून गटांपुढं आमचं एक मागणं आहे. गटाच्या रजिस्टरशेजारी एक शंभर पानी वही ठेवायची. महिन्याच्या बैठकीला एका म्हातारीला मानानं बोलवायचं. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत लिहायचं, सुधारायला जायचं नाही. सोबत चार गोष्टी लिहायच्या. गाणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, तिचं माहेर आणि सासर, गाणं कोणत्या कामाला किंवा सणाला म्हणतात ते, आणि ती कुणाकडून शिकली. मोबाईलवर आवाज घ्यायचा तो तिला विचारूनच. कुठं छापायचं, वाजवायचं झालं तर परत विचारायचं. गाणं तिचं आहे. आपल्या जिल्ह्यात कानडी बोलणाऱ्या बाया आहेत, दखनी बोलणाऱ्या आहेत, सोलापुरात बतुकम्मा खेळणाऱ्या तेलुगू बाया आहेत. त्यांचीही गाणी त्याच वहीत यावीत. लिपी देवनागरी चालेल, भाषा ज्याची त्याची.

देवधर काय, बाबर काय, त्यांनी ऐकलं, विचारलं आणि न चुकता लिहिलं. न चुकता लिहायची सवय आपल्याला गटानं लावली आहेच. कर्जाचा हिशोब आपण पैशापर्यंत जुळवतो. तेवढीच काळजी आपल्या आयांच्या शब्दांची घेऊ. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घाला. पहिलं पान भरलं की आम्हाला कळवा, ती बाई तयार असेल तर तिच्याच आवाजात, तिचं नाव घेऊन, रेडिओवर ऐकवू.