तिसरी चौकट

तेल्हाऱ्यात मी अर्ज लिहून देतो. एकदा साडी नेसलेली एक जण आली आणि ‘स्त्री/पुरुष’पाशी माझा पेन अडला.

‘दिसते थे नोका लिहू दादा, मी सांगतो थे लिहा.’

आमच्या वऱ्हाडात बायकाही ‘सांगतो’च म्हणतात, भाषेनं तिला अडवलं नव्हतं, अडवलं कागदानं.

कागदाची ही अडवणूक जुनी. 1871च्या कायद्यानं उत्तर हिंदुस्थानात पोलीस हिजड्यांची नोंदवही ठेवत. नोंदलेल्यानं बायकी वेशात चारचौघांत नाचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद! 15 एप्रिल 2014ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लिंगओळख ज्याची त्यानं ठरवावी. 2019च्या कायद्यानं तृतीयपंथीयांशी भेदभावाला बंदी केली, पण ओळखपत्रावर सही ठेवली जिल्हाधिकाऱ्यांची.

म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, अकोल्याला खेटे.

तिनं मात्र एसटीचं तिकीट आधीच काढलेलं होतं.