रेल्वेची मोटार आणि मुसीचा काठ

आमचे आजोबा बसगाडीला अखेरपर्यंत 'रेल्वेची मोटार' म्हणत. बीदरकडे जाणारी एस.टी. गावावरून गेली की ते ओसरीवरून विचारीत, "रेल्वेची मोटार गेली का रे?" आम्ही मुले हसायचो. म्हातारपणी गल्लत होते, अशी आमची समजूत. पुढे एम.ए.साठी हैदराबाद संस्थानाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की चूक आमचीच होती. निजामाच्या राज्यात सरकारी मोटारवाहतूक जून १९३२ मध्ये सुरू झाली, आणि ती चालविणारे खाते निजाम स्टेट रेल्वेचेच एक अंग होते. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. आपल्याकडे मुंबई राज्याची पहिली एस.टी. नगरहून पुण्याला निघाली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे सरकारी मोटारीच्या बाबतीत निजामाची प्रजा पुण्याच्या माणसापेक्षा सोळा वर्षे पुढे होती! हे निजामाचे गुणगान नव्हे. रझाकारांच्या दिवसांत आजोबांच्या पिढीने काय भोगले, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण नोंद ती नोंद.

त्या पहिल्या गाड्या अल्बियन बनावटीच्या, स्कॉटलंडातील ग्लासगोच्या कारखान्यातल्या. त्यांतली एक 'डेक्कन क्वीन' नावाची गाडी हैदराबादेत जपून ठेवली आहे. गाड्यांच्या क्रमांकात 'झेड' हे अक्षर असते, ते शेवटच्या निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या नावावरून, असे तिकडे सांगतात.

आजोबांचा जमिनीचा एक दावा हैदराबादच्या हायकोर्टात कित्येक वर्षे रेंगाळला होता. उदगीरहून परळी-विकाराबाद मार्गाने निघायचे, विकाराबादला गाडी बदलायची आणि कोर्टाच्या दारात जाऊन बसायचे. कोर्ट मुसी नदीच्या अगदी काठावर. आजोबांना तिथला एकूणएक वकील ठाऊक होता, नयापुलावरचा चहावाला ठाऊक होता. पण नदी कोठून येते हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही. गंमत अशी की मुसीचा उगम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात आहे. ज्या फलाटावर ते वळकटीवर बसून पुढच्या गाडीची वाट पाहत, तेथून पाच-सहा किलोमीटरवर. आपल्या भागातील हजारो माणसे शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकज्जांसाठी मुसी ओलांडून गेली. तिच्या काठाने चालत गेलेली फार थोडी.

मी १९९० साली शिकायला हैदराबादेत गेलो, तेव्हा आमची बस गौळीगुड्याला थांबे. तो बसतळ म्हणजे विमान ठेवण्याचा पत्र्याचा प्रचंड घुमट. लोक त्याला 'मिसिसिपी हँगर' म्हणत. १९३० च्या सुमारास उभा राहिलेला तो सांगाडा १९३२ पासून मोटारींच्या कामी आला. १९९४ साली मोठे स्थानक शेजारीच, मुसीच्या पात्रातील इमलीबन बेटावर गेले. जुना घुमट शहर बससाठी उरला आणि ५ जुलै २०१८ रोजी सकाळी एकाएकी कोसळला. ती बातमी वाचली तेव्हा मला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. असो.

विद्यार्थ्याचा मासिक पास मजजवळ होता आणि रविवारी खिशात दुसरे काही नसे. म्हणून मी एक शिरस्ता ठेवला. बस जेथून वळून माघारी फिरते तेथे उतरायचे आणि पुढे पायी निघायचे. इतिहासाचे जे शिक्षण वर्गात मिळाले, त्याच्याहून फार कमी असे या भटकंतीत मिळाले नाही.

पहिली वाट अर्थात पायाखालचीच. इमलीबनापासून नयापूल, मुस्लिमजंग पूल आणि पुरानापूल, अशी अर्ध्या-पाऊण तासाची. उत्तर काठावर उस्मानिया रुग्णालय, पलीकडे हायकोर्ट आणि सिटी कॉलेज. आपले नरहर कुरुंदकर याच कॉलेजात शिकले. या इमारती इतक्या ऐटीत नदीकाठी कशा, हा प्रश्न चालताना पडतो आणि त्याचे उत्तर २८ सप्टेंबर १९०८ या तारखेत आहे. त्या दिवशी मुसीने शहरात शिरून हजारो घरे नेली; सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानतात. रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिच्या फांद्यांवर चढून दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत १५७८ साली बांधलेला पुरानापूल मात्र त्या लोंढ्यात टिकून राहिला.

महापुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलाविले. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे हेच ते अभियंता. त्यांनी आकाशाला दोष दिला नाही. नदीच्या वरच्या अंगाला, पाणलोटात, सातशेहून अधिक लहानमोठी तळी होती. त्यांतली दोनशेहून अधिक फुटली. एक फुटले की त्याचे पाणी खालच्यावर, खालचे त्याच्याही खालच्यावर, अशा रीतीने शहरावर पाण्याची भिंत आली. म्हणून त्यांनी सुचविले ते शहराच्या वर दोन मोठी धरणे बांधून पूर अडवून धरायला. मुसीवरचे उस्मानसागर १९२० मध्ये पुरे झाले, ईसी नदीवरचे हिमायतसागर १९२७ मध्ये. शहरातले काठ उंच करून तेथे बागा आणि फिरण्याच्या वाटा कराव्यात, हेही त्यांच्याच योजनेत होते. कोर्ट, कॉलेज, रुग्णालय ही त्या नव्या काठाची शोभा. माणसाला नदीकाठी चालता यावे हा विचार पूरनियंत्रणाच्या कागदावर आला, याचे मला अजून नवल वाटते. आज तेथे नाकाला रुमाल लावून चालावे लागते.

दुसरी वाट लंगरहौसची. मुसी आणि ईसी यांचा संगम तेथे आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले तो बापूघाट हाच. तेथून तारामती बारादरीवरून गंडीपेठच्या धरणाकडे निघालो की शहर मागे पडे आणि माळ सुरू होई. आपल्या माळासारखा काळाभोर नव्हे. येथे करड्या-गुलाबी शिळा एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या. प्रथम वाटते, कोणी राक्षसाने खेळ मांडला असावा. वास्तविक कोणी काही रचलेले नाही. अखंड ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा होत्या. भेगांत पाणी मुरले, कडा कुजून गोल झाल्या, माती वाहून गेली आणि शिळा होत्या तेथेच उरल्या. हा दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. आपला काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचे पोर! उदगीरहून बसने जाताना डोळे उघडे ठेवले तर हा बदल खिडकीतूनच दिसतो. काळी रान, बीदर-जहिराबादची तांबडी जांभ्याची माती, आणि सदाशिवपेठ-संगारेड्डीच्या पुढे पहिल्या गोल शिळा.

या शिळा खडीसाठी फुटू लागल्या. त्या वाचाव्यात म्हणून १९९६ साली काही नागरिकांनी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था काढली. ते लोकांना शिळांतून पायी हिंडवतात. माणूस ज्याच्यावरून चालला ते सहजी फोडू देत नाही, हा त्यांचा हिशेब मला पटतो. त्याच वर्षी सरकारने १११ क्रमांकाचा हुकूम काढून दोन्ही तलावांभोवतीच्या दहा किलोमीटरांत मोठ्या बांधकामाला मनाई केली. गंडीपेठ-चिलकूरकडचा माळ पुष्कळसा मोकळा राहिला तो या हुकुमाने. एप्रिल २०२२ मध्ये तो उठविण्याचा निर्णय झाला. जमीनमालक शेतकऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शेजारच्या गावात एकराला कोटी मिळत असता यांनी शहराच्या पाण्यासाठी ज्वारी पेरीत का बसावे? पण विश्वेश्वरय्यांनी पुराचे मूळ शोधले ते याच वरच्या अंगाला, हेही विसरून चालत नाही.

तिसरी वाट अनंतगिरीची. काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेतील नववीची दहा-बारा मुले घेऊन गेलो होतो. विकाराबादपर्यंत बस, तेथून दुसरी बस अनंतपद्मनाभाच्या देवळापर्यंत आणि मग झाडीतून पायवाट. मुलांना मोठा धबधबा हवा होता. दिसली ती ओल आणि दगडांतून निघालेली बोटभर धार. एका मुलीने तेथला दगड उचलून पाहिला आणि म्हणाली, "सर, हा तर आपल्याकडचाच." खरेच होते. अनंतगिरी आपल्या काळ्या पाषाणाच्या आणि जांभ्याच्या पठाराची कड आहे. मुसी आपल्या दगडात जन्मते आणि ग्रॅनाइटात नांदते. परतताना मी मुलांना इमलीबनापासून पुरानापुलापर्यंत चालविले. १९०८ ची हकीगत चिंचेखाली उभे राहून सांगितली. निम्म्यांचे लक्ष बिर्याणीकडे होते, हे कबूल करतो.

मुसीच्या पात्रात घरे करून राहिलेल्या गरिबांना २०२४ साली हलविण्यास आरंभ झाला. नदीकाठ सुशोभित करायची मोठी योजना आहे. लोकांनी विरोध केला, वर्तमानपत्रांत रणे माजली. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात २६ तारखेच्या रात्री, पुराचे पाणी इमलीबनच्या स्थानकात शिरले. फलाट बुडाले, उतारू अडकून पडले. तारीख पाहून मी चमकलो. जुन्या महापुराच्या तारखेला दोनच दिवस कमी.

त्या रात्री एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. अनंतगिरीच्या सहलीत तो होता, आता हैदराबादेत नोकरीला आहे. गावी यायला म्हणून निघालेला आणि स्थानकात अडकलेला. मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. मी विचारले, "उंचावर आहेस ना?" तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर आहे. सर, वरच्या दोन्ही तलावांचे दरवाजे उघडले असतील का?"

उघडले होते.