प्रिंटर आणि रूटचा पासवर्ड

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स २०१२च्या फेब्रुवारीत भडकला, आणि निमित्त होतं एका प्रिंटरचं. त्याच्या मुलीला शाळेत लॅपटॉपला प्रिंटर जोडायचा होता. लिनक्सवर उभी ओपनसुसे प्रणाली त्यासाठी रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड मागत होती. ज्याने लिनक्सचा गाभा लिहिला, त्याच्याच घरातलं पोर असं अडकून पडलं. त्यानंतर टोरवाल्ड्सने ओपनसुसेच्या सुरक्षावाल्यांची जी सालटी काढली, त्यातले शब्द इथे छापण्याजोगे नाहीत.

रूट ही युनिक्स या जुन्या प्रणालीची देणगी. १९७०च्या दशकात एकाच यंत्रावर अनेक जण काम करत, तेव्हा एकाच्या चुकीने बाकीचे बुडू नयेत म्हणून सगळे अधिकार एका खात्याकडे ठेवणं शहाणपणाचंच होतं. लॅपटॉपवर मात्र मालकही तोच आणि भाडेकरूही तोच!

विंडोजने दुसरं टोक गाठलं. ९५ आणि ९८मध्ये अधिकारांची अशी वाटणी नव्हतीच. २००१च्या एक्सपीमध्ये घरगुती खाती बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचीच असत. व्हायरसचं फावलं. मग २००७मध्ये व्हिस्टा पावलोपावली परवानगी विचारू लागली. लोकांना वैताग यावा म्हणूनच ती खिडकी आणली, असं मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉसने पुढच्याच वर्षी एका परिषदेत सांगून टाकलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ऊठसूट ॲडमिनचे अधिकार मागणं सोडावं, हा त्यामागचा हिशेब.

लिनक्सच्याच फेडोरा प्रणालीने २००९च्या नोव्हेंबरात उलटा प्रयोग केला. बाराव्या आवृत्तीत संगणकासमोर बसलेल्या कोणालाही अधिकृत भांडारातलं सॉफ्टवेअर पासवर्डाविना घेता येई. इतकी बोंब झाली की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली.

पण प्रिंटरचं दुखणं याहून खोल आहे. ड्रायव्हर हा प्रोग्रामच असतो, आणि विंडोजमध्ये तो ज्या स्पूलरच्या, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सेवेच्या, हाताखाली चालतो, त्या स्पूलरला यंत्रावरचे जवळजवळ सगळे अधिकार असतात. म्हणजे साध्या कर्मचाऱ्याला ड्रायव्हर बसवू देणं म्हणजे नकळत घराची किल्लीच हाती देणं. तरी ऑफिसांत वर्षानुवर्षं तेच चालत होतं: सर्व्हरवरच्या प्रिंटरवर डबल-क्लिक करा, ड्रायव्हर आपोआप येतो. स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने २०१०मध्ये याच स्पूलरमधल्या फटीचा फायदा घेतला होता.

२०२१च्या जूनअखेरीस काही संशोधकांकडून स्पूलरवरच्या अशाच एका हल्ल्याचा कोड चुकून जाहीर झाला. त्या फटीला प्रिंटनाइटमेअर हे नाव पडलं. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैला घाईघाईने दुरुस्ती काढली, अगदी जुन्या विंडोज ७साठीसुद्धा. १० ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटर लागेल असा नियम झाला. तो उलटवायची सोय रजिस्ट्रीत ठेवली, तीही धोक्याचा इशारा देऊन. तोवर एका डबल-क्लिकवर होणाऱ्या कामासाठी आता आयटीवाल्याला बोलवावं लागू लागलं.

सुटका अखेर ड्रायव्हरलाच बाजूला सारून झाली. २०२४च्या विंडोज ११मध्ये एक सुरक्षित छपाईची पद्धत आली. ती चालू केली की बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर चालतच नाहीत. प्रिंटरनेच ठरलेली समान भाषा बोलायची. आयफोनवर ही युक्ती एअरप्रिंटच्या रूपात २०१०पासून चालू होती.